शेवटचा आठवडा कोणी मोजला

नाशिक, १२ ऑक्टोबर २०२५

पूजा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काही येत नाही. म्हणून पत्र लिहितेय. विंचूरच्या तुमच्या मळ्याचा पत्ता मला अजून पाठ आहे. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तिथे जरा थांबले, मग पूर्ण नाव लिहिलं, खाली फोन नंबर.

आधी कामाचं सांगते. मी बाहेर अर्ज करतेय. नेदरलँड्समधलं एक विद्यापीठ आहे, तिथे कीटकशास्त्रात मास्टर्स. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येईल, पण अर्ज तर करायला हवा. त्यात दोन पानांचं निवेदन मागतात. पदवीला असताना कोणतं संशोधन केलं, त्यातून काय हाती आलं, आणि त्यात तुमचा स्वतःचा वाटा किती. पदवीला असताना आपण एकच संशोधन केलं, पूजा. तुझ्या वडिलांच्या, नानांच्या वावरात, कांद्याच्या डोंगळ्यांवरच्या मधमाश्या.

इथल्या क्लासमध्ये मी अकरावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. त्यांना सांगितलं की कांदा काढला नाही तर त्याला दांडा येतो, दांड्यावर पांढऱ्या फुलांचा चेंडू फुलतो, तो डोंगळा. आणि माशी आली नाही तर त्यात बी धरत नाही. मुलं म्हणाली, मॅडम, कांद्याला फूल येतं? सगळी नाशिकची मुलं. मला तुझी फार आठवण आली. तू असतीस तर डोक्याला हात लावून हसली असतीस.

निवेदनाचा मसुदा देवरे मॅडमना दाखवला. त्या निवृत्त झाल्यात, पण प्रोजेक्टच्या वेळी वाचायच्या तशाच अजून पेन हातात धरून वाचतात. मी लिहिलं होतं, 'निरीक्षणे नोंदवण्यात आली.' मॅडमनी खाली रेघ ओढली.

"कोणी नोंदवली?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण? कर्ता लपवायचा असला की माणूस असा कर्मणी प्रयोग लिहितो. अर्ज वाचणाऱ्यांना कर्ता लागतो. प्रत्येक वाक्याला विचार, हे कोणी केलं. तू केलं असशील तर 'मी' लिहायला लाजू नकोस, आणि नसशील केलं तर 'मी' लिहू नकोस."

घरी येऊन एकेक वाक्याला विचारत बसले. जागा निवडली: तू. तक्ता आखला: मी. माश्यांचे प्रकार ओळखायला शिकलो: दोघी, आणि सातेरी कोणती यावरून भांडलो तेही दोघी. असं करत शेवटच्या आठवड्यापर्यंत आले आणि तिथे अडले. त्या आठवड्यात मी नव्हते. मॅडमना मी सांगितलं होतं की मला ताप आलाय.

तो आठवडा तुझा आहे. तोच नसेल तर आपल्या प्रोजेक्टमध्ये सांगण्यासारखं फारसं उरत नाही, हे तुलाही माहीत आहे. तो मी अर्जात लिहू का? आणि लिहायचा तर कसा?

एवढंच विचारायचं होतं. खरं तर एवढंच नव्हतं.

संजना


नाशिक, २ नोव्हेंबर २०२५

पूजा,

दिवाळीत घरी आली असशील, पत्र वाचलं असशील, असं धरून वाट पाहिली. उत्तर नाही. असू दे. मी लिहिते.

दादाने मला कॉलेज रोडवरच्या एका सल्लागाराकडे नेलं. माझा भाऊ धम्मपाल तुला आठवत असेल, कॉलेजात आपल्या प्रोजेक्टचं पोस्टर मांडलं त्या दिवशी टेम्पोतून बोर्ड घेऊन आला होता तो. सल्लागार म्हणजे परदेशी अर्ज भरून देणारा माणूस. त्याने माझा मसुदा मोबाइलवर वरवर चाळला आणि म्हणाला, "मॅडम, हे फार साधं झालं. लिहा, आय लेड द प्रोजेक्ट. ही पूजा कोण? दुसऱ्या मुलीचं नाव आलं की तुमचं वजन कमी होतं. तिथे कोण बघायला येणार आहे?"

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "तो म्हणतो त्यात खोटं काय आहे? काम तू केलंसच ना. आपल्या माणसांची नावं आजवर कमी गाळली गेलीत का? एकदा तू नाही घातलंस दुसऱ्याचं, तर काय बिघडलं?"

मी म्हणाले, "दादा, शेवटचा आठवडा मी नव्हते."

"तुला ताप होता."

 दादालाही मी तापच सांगितला होता.

घरी येऊन जुने फोटो पाहिले. तुझ्या फोनमध्ये जास्त असतील. माझ्याकडे एक आहे. पांढरा प्लॉट, डोंगळे आपल्या कमरेच्या वर आलेले, तू टोपी उलटी घालून उकिडवी बसलीस आणि ओठ हलताहेत, म्हणजे मोजतेयस. मागे बांधावर एकदांडीची पिवळी फुलं. आपलं म्हणणं एवढंच होतं की ज्या बांधावर तण राखलंय तिथल्या डोंगळ्यांवर माश्या जास्त येतील. नाना हसले होते. "तण राखा म्हणणारे शिकलेले मी पैल्यांदा बघतोय," म्हणाले, आणि तरी एक बांध आपल्यासाठी तसाच ठेवला.

आणि मग शेजारच्या वावरवाल्याने भर दुपारी औषध मारलं. त्याचाही दोष नव्हता, त्याच्या कांद्यावर कीड चढली होती, आणि आपण तिथे काय करतोय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण गेलो तर प्लॉटमध्ये आवाजच नव्हता. इतके दिवस तो गुंजारव कानात असायचा, पण तो आहे हे थांबल्यावर कळलं. सरीत माश्या पडल्या होत्या. तू ओढणीत वेचत होतीस. मी म्हणाले, कशाला वेचतेस, मेल्यात त्या. तू म्हणालीस, मोजायला नकोत का?

मी तिथेच बांधावर बसून रडले. मला वाटलं, संपलं. आपण मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "शून्य आलं तर शून्य लिहा. तोही आकडाच आहे. मोजणी थांबवू नका."

तू थांबवली नाहीस.

आता अर्ज लिहिताना कळतंय की आपलं खरं काम तिथून पुढे सुरू झालं. आधी सगळीकडे शून्य. मग काही दिवसांनी माश्या परत यायला लागल्या, त्या आधी तण राखलेल्या बांधाकडून. स्वच्छ बांधाच्या बाजूला फूल सुकत आलं तरी फारशा आल्याच नाहीत. हे तू पाहिलंस. एकटीने. उन्हात बसून शून्य लिहिणं कसं असतं मला ठाऊक नाही, मी वावरात बसून एकही शून्य लिहिलं नाही.

तेव्हा मी तिथे असायला हवं होतं, असं अजून फार वाटतं. कुणाचं काही चुकलं म्हणून म्हणत नाही. ती पहिली माशी परत आली तेव्हा तू कोणाला सांगितलंस?

संजना


नाशिक, २३ नोव्हेंबर २०२५

पूजा,

आज ते लिहिते. लिहिल्याशिवाय पुढचं पान होत नाही.

अर्जात आणखी एक प्रश्न आहे. शिकताना आलेली एखादी अडचण सांगा आणि तिला तुम्ही कसं तोंड दिलं ते लिहा. सल्लागार खूश झाला. म्हणाला, "तुमच्या बॅकग्राउंडचं लिहा ना मॅडम. काही अनुभव असेलच. असं वाचून ते लोक हलतात."

अनुभव आहे. तुझ्या घरातला आहे.

औषध मारल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. आपण दुपारी जेवायला घरी आलो. काकूंनी बाजरीची भाकरी टाकली होती आणि माझ्या ताटात नेहमीसारखं जास्तीचं लोणी. तुझ्या आईच्या हातचं मी किती वेळा जेवले असेन. शेजारच्या तानुबाई काहीतरी मागायला आल्या. त्यांनी विचारलं, ही कोण? काकू म्हणाल्या, "पूजाची मैत्रीण. पवारांची पोर हाय, नाशिकची. लय गुणाची."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू ताटाकडे पाहत होतीस. त्यावरून मला कळलं की काकूंची ऐकण्यात चूक झालेली नाही.

मी पगारे. पगारे आणि पवार. किती जवळचे शब्द आहेत. आणि त्यांच्यामध्ये जे आहे ते तुला, मला आणि तानुबाईंना न शिकवता कळतं.

मी भाकरी संपवली. ताट धुवायला घेतलं तर काकू म्हणाल्या राहू दे. तू मला एसटीपर्यंत सोडायला आलीस. रस्त्यात मी विचारलं, "घरी माझं आडनाव काय सांगितलंस?"

तू म्हणालीस, "तुला त्रास नको म्हणून गं."

"मला की तुला?"

 गाडी आली, मी बसले. घरी ताप सांगितला. तुझे त्या आठवड्याचे आकडे मोबाइलवर येत राहिले, रोज संध्याकाळी, फक्त आकडे. मी ते तक्त्यात भरत राहिले. पोस्टरवर दोघींची नावं आली, पूजा निकम, संजना पगारे, ठळक अक्षरात. तू घरच्या कोणाला बोलावलं नाहीस. काकूंना माश्यांचे फोटो पाहायचे होते हे मला माहीत होतं. त्या दिवशी आपण लोकांशी बोललो, एकमेकींशी नाही. परीक्षा झाली आणि तू फोन उचलणं बंद केलंस.

दुखावले मी होते आणि गप्प तू झालीस. याचा मी फार राग केला, पूजा. आता राग राहिलेला नाही. राग गेल्यावर माणूस उरतं आणि त्याची आठवण येते, ते जास्त कठीण आहे. तीन वर्षं एका बाकावर बसलो. तुझ्याइतकं कोणी मला हसवलं नाही, तुझ्याइतकं कोणाशी मी माशीच्या पंखावरून भांडले नाही.

सल्लागाराला मी नाही म्हटलं. दादा चिडला. "खरं आहे ते लिहायला काय हरकत आहे? आपण का झाकायचं?" त्याचंही बरोबर आहे. झाकायचं म्हणून नाही, मी त्याला म्हणाले. पण त्या दुपारी काकूंनी मला वाढलं होतं. ते दोन्ही खरं आहे, आणि अडचणीच्या त्या लहानशा चौकटीत दोन्ही मावत नाही. एकच लिहिलं तर मलाच ती दुपार ओळखू येणार नाही. दादाने माझा मसुदा ओढून पुन्हा वाचला. मग म्हणाला, "मग औषध मारल्याचं लिही. तीपण अडचणच होती."

तेच लिहिलंय.

संजना


नाशिक, १४ डिसेंबर २०२५

पूजा,

काल दुपारी एक अनोळखी नंबर आला. उचलला तर पलीकडे नुसता श्वास. मग आवाज आला, "संजना का? मी चंद्रभागा बोलते. पूजाची आई."

मी उभी राहिले. फोनवर कोणी दिसत नाही तरी उभी राहिले.

काकू म्हणाल्या, "पोरी, तुझी पत्रं इथं येतात. पूजा इथं नाय आता. नांदगावला बँकेत लागली, तिथंच खोली घेतली. दिवाळीलाबी आली नाय. मी पत्रं ठेवून दिलीत, फोडली नायीत."

म्हणजे तू वाचलीच नाहीस. इतके दिवस मी तुझं मौन समजत होते ते पोस्टाचं होतं. फोनवरचं मात्र तुझंच.

मी म्हणाले, "काकू, पाकिटावर माझं नाव आहे."

"वाचलं ना."

 मग त्याच म्हणाल्या, "आडनावाचं मला ठाऊक होतं गं. पैल्यापास्नं."

मी विचारलं, कसं?

"तुझ्या भावाने एकदा सोडलं होतं ना तुला, मोटारसायकलीवर. गाडीवर निळा झेंडा, जयभीम लिवलेलं. मला काय वाचता येत नाय?"

"मग तानुबाईंना पवार का म्हणालात?"

"तानुबाई होती म्हणून." मग म्हणाल्या, "पूजाने पवार सांगितलं, मी पवार धरलं. तिला वाटलं आईला चालायचं नाय. मला वाटलं नानांना चालायचं नाय. नानांना मी कधी इचारलंच नाय. वाढत राहिले. तेवढं माझ्या हातात होतं."

मला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर मला बरं वाटेल. बरं वाटलं आणि नाहीही वाटलं. काकूंना माहीत होतं, म्हणजे ते लोणी मलाच होतं, पवारांच्या पोरीला नव्हतं. पण माहीत असूनही त्यांनी तानुबाईंसमोर माझं नाव बदललं, हेही तितकंच झालं. मी त्यांना म्हणाले, "काकू, तुम्ही मला संजना पगारे म्हणाला असतात तर मी दुसऱ्या दिवशीही आले असते."

त्या म्हणाल्या, "हो बाई." एवढंच. फोन ठेवताना म्हणाल्या, "नाना मंगळवारी नांदगावच्या बाजारात जाणार हायेत. पत्रं त्यांच्याबरोबर पाठवते. त्यांनाबी वाचू दे पाकिटावरचं नाव."

आता ती पत्रं तुझ्याकडे येतील. हे पत्र मी काकूंनी सांगितलेल्या नांदगावच्या पत्त्यावर टाकतेय. अर्जाची मुदत जानेवारीच्या मध्यापर्यंत आहे. पण मुदतीसाठी म्हणून वाचू नकोस.

संजना


नाशिक, ८ जानेवारी २०२६

पूजा,

तू फोन केलास. मला वाटलं होतं की तुझा आवाज ऐकला की मी खूप बोलेन. मी नुसती ऐकत राहिले, आणि बोलायचं ते राहूनच गेलं, म्हणून पुन्हा लिहायला बसले.

तू म्हणालीस, "लिही ना माझा आठवडा. विचारायचं काय त्यात? माझं नाव कशाला घालतेस पण? मी बँकेत कर्जाचे कागद तपासते."

मी म्हणाले, "मोजलंस तू."

"नुसते शून्य होते गं ते."

"शेवटी नव्हते."

तू हसलीस. ते जुनं हसणं नव्हतं, पण त्याच घरातलं होतं. मग तू विचारलंस, "आई खरंच म्हणाली, तिला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

तू ते पुन्हा एकदा विचारलंस, मी पुन्हा हो म्हणाले. मग म्हणालीस, "मग मी लपवत होते ते कोणापासून?"

 तू माफी मागितली नाहीस आणि मला ती मागून घ्यायची नव्हती. तू रडत होतीस का? बँकेतल्या लोकांचा आवाज येत होता मागे, कोणीतरी पासबुक मागत होतं, आणि तू "येते" म्हणून फोन ठेवलास.

माझं सांगायचं राहिलं ते हे. अर्ज गेला. त्यात शेवटी असं आहे: 'तक्ता मी आखला आणि आकड्यांची मांडणी मी केली. फवारणीनंतरच्या शेवटच्या आठवड्यात मी शेतावर नव्हते. ती मोजणी माझी सहकारी पूजा निकम हिने एकटीने केली, आणि या कामातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष तिच्या मोजणीवर उभा आहे.' देवरे मॅडमनी वाचलं. पेन उचललं नाही. म्हणाल्या, "असं लिहिल्याने प्रवेश जाऊही शकतो, कळतंय ना?" मी म्हणाले, कळतंय.

दादाने सल्लागाराकडे जाणं सोडलंय. म्हणतो, तुझ्या हट्टापुढे त्याचं काही चालायचं नाही.

नांदगावला थंडी फार असेल. तुला थंडीत सर्दी होते. वाफ घे.

संजना


नाशिक, १५ मार्च २०२६

प्रिय पूजा,

मागच्या आठवड्यात मुलाखत झाली. क्लासच्या रिकाम्या वर्गात लॅपटॉप ठेवून बसले. आईने बाहेर बाकावर बसून कोणाला आत येऊ दिलं नाही. पलीकडे दोघं होते, एक तरुण माणूस आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई. बाईंनी माझं निवेदन छापून समोर ठेवलं होतं.

त्यांनी सरळ विचारलं, "तुमचा महत्त्वाचा निष्कर्ष दुसरीच्या मोजणीवर उभा आहे असं तुम्ही लिहिलंय. मग तुमचं काय?"

मी सांगितलं. तक्ता दर अर्ध्या तासाचा का आखला, फवारणीनंतरही तोच का चालवला, आणि तुझे आकडे आल्यावर बांधापासूनचं अंतर आणि माश्यांचं परतणं एकत्र मांडायचं मला कसं सुचलं. बोलताना माझ्या लक्षात आलं की माझा वाटा कमी नव्हता. तुझा तुला देऊन टाकल्यावर माझा मला स्वच्छ दिसला.

"त्या आठवड्यात तुम्ही का नव्हता?"

"मी जाणं थांबवलं होतं. कारण कामाचं नव्हतं. आजही ते मी कामात आणू इच्छित नाही."

त्यांनी मान हलवली, पुढे खोदलं नाही. मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "ज्या मुलीने सगळं मेल्यावरही मोजणी चालू ठेवली, ती आता कुठे संशोधन करते?"

"बँकेत आहे."

"अर्ज का नाही करत?"

पूजा, मी किती काय काय विचारलं तुला या पत्रांतून, हे विचारलंच नाही. तुला यायचं असेल हे माझ्या मनातच आलं नाही. मी म्हणाले, "मी तिला विचारून सांगते."

बाईंनी तुझं आडनाव कसं लिहायचं ते पुन्हा विचारून घेतलं.

काल मेल आला. मला प्रवेश दिलाय. शिष्यवृत्तीचं जूनपर्यंत कळेल, तोवर दादा कोणाला सांगू नका म्हणतो आणि स्वतः अख्ख्या कॉलनीला सांगून आलाय. आईने खीर केली. मी ती खाताना सारखा विचार करत होते की तू समोर असतीस तर आधी काय म्हणाली असतीस. मी जाईन किंवा नाही जाणार, काहीही होवो, तुझ्याशिवाय हे अर्धंच वाटतंय.

मेलच्या खाली त्या बाईंनी एक ओळ स्वतः लिहिली आहे: मैत्रिणीला विचारलंत का?

विचारते, पूजा. तू अर्ज का नाही करत?

संजना